सेलफिशवर ॲप पोहोचवायचं कसं: आरपीएम फाइलपासून रेपोपर्यंत

अँड्रॉइडची एपीके ग्रुपवर टाकली की काम भागतं. सेलफिश ओएस या फोनच्या प्रणालीवर तसं होत नाही. तिथली आरपीएम, म्हणजे ॲपची इन्स्टॉल करायची फाइल, एकाच्या फोनवर बसते. दुसऱ्याचा फोन 'आर्किटेक्चर (प्रोसेसरचा प्रकार) वेगळं आहे' म्हणून ती नाकारतो. तिसऱ्याकडे बसते, पण आयकॉनच दिसत नाही. आणि ज्यांच्याकडे नीट बसली, त्यांनाही पंधरा दिवसांनी केलेली दुरुस्ती मिळत नाही, कारण फाइल पाठवली की तुमचा त्या फोनशी संबंध संपतो. ॲप लिहिण्यापेक्षा हा भाग नवख्यांना जास्त छळतो.

म्हणून सुरुवातीपासून एकच धोरण ठेवा: वापरणाऱ्याच्या वाट्याला कमीत कमी पायऱ्या, आणि त्यासाठी लागणारी खटपट आपल्या बाजूला एकदाच. फाइल वाटत बसण्यापेक्षा रेपो, म्हणजे फोन जिथून ॲप आणि त्याचे अपडेट घेतो ते ऑनलाइन भांडार, द्यायचा.

उदाहरणासाठी एक छोटं ॲप धरू. नाव 'बर्डी'. नागपूर मेट्रोच्या दोन मार्गिका, ऑटोमोटिव्ह चौक ते खापरी ही ऑरेंज आणि लोकमान्य नगर ते प्रजापती नगर ही ॲक्वा, यांची स्थानकं ते इंटरनेटशिवाय दाखवतं. गाडी बदलायची ती सीताबर्डीला, म्हणून हे नाव. सगळं क्यूएमएल या ॲपचे पडदे लिहायच्या भाषेत लिहिलेलं, सी प्लस प्लसची एक ओळ नाही. पॅकेजचं नाव 'हार्बर-बर्डी'. लेखात आज्ञा आणि फाइलींची नावं उच्चाराप्रमाणे दिली आहेत. टर्मिनलवर ती रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप करायची, आज्ञा लहान लिपीत.

चाचणीचा फोन

सेलफिश ही फिनलंडच्या जोला कंपनीची, नोकियाच्या मीगोच्या वंशातली लिनक्स प्रणाली. आत आरपीएम, झिपर आणि पॅकेजकिट ही पॅकेज बसवणारी साधनं असल्यामुळे डेस्कटॉपवर ओपनसुसे किंवा फेडोरा वापरलेल्यांना अर्धं ओळखीचं वाटेल. भारतात २०१६ साली इंटेक्सचा ॲक्वा फिश याच प्रणालीवर आला होता. तो कोणाच्या ड्रॉवरमध्ये सापडला तर आठवण म्हणून ठेवा, चाचणीसाठी धरू नका. त्याचे अपडेट कधीच थांबले आहेत.

आज कामाचे म्हणजे सोनी एक्सपिरिया १० मालिकेतले फोन, त्यातही १० टू आणि १० थ्री, किंवा जोला सी२. सोनीने भारतातला फोनचा धंदा गुंडाळल्यामुळे एक्सपिरिया सेकंड-हँडच घ्यावा लागतो. सीताबर्डीच्या बाजारात घ्या की ऑनलाइन, पैसे देण्यापूर्वी डायलरमध्ये *#*#७३७८४२३#*#* टाका, सर्व्हिस इन्फोमधलं कॉन्फिगरेशन उघडा आणि 'बूटलोडर अनलॉक अलाउड' समोर 'येस' आहे का ते पाहा. 'नो' असेल तर सौदा सोडा. परदेशात मोबाइल कंपन्यांनी करारावर विकलेले बरेच फोन असे निघतात, आणि त्यांच्यावर सेलफिश चढत नाही.

आता आर्किटेक्चर. पहिला जोला फोन, एक्सपिरिया एक्स, एक्सए२ आणि साधा १० यांच्यावरची सेलफिश ३२-बिट आहे, तिचं पॅकेज 'एआरएमव्ही७एचएल'. एक्सपिरिया १० टूपासून पुढे ६४-बिट, म्हणजे 'एआर्च६४'. संगणकावरच्या एम्युलेटरला 'आय४८६' लागतं. ॲपमध्ये कंपाइल होणारा कोड असेल तर ही तीन पॅकेजं वेगळी बनवावी लागतात. आपलं बर्डी निव्वळ क्यूएमएल असल्याने स्पेक फाइलमध्ये (पॅकेज कसं बनवायचं ते सांगणारी फाइल) 'बिल्डआर्च: नोआर्च' ही एक ओळ लिहिली की एकच फाइल सगळीकडे चालते. पायथॉन वापरून पायअदरसाइडमार्फत क्यूएमएलशी जोडलेलं ॲपही नोआर्च होऊ शकतं. पहिलं ॲप शक्यतो असंच ठेवा, वाटपाची निम्मी डोकेदुखी तिथेच संपते.

एसडीके

सेलफिश एसडीके, म्हणजे ॲप बनवण्याचा साधनसंच, लिनक्स, विंडोज आणि मॅक तिन्हीवर चालतं. बसवताना बिल्ड इंजिन डॉकरमध्ये हवं की व्हर्च्युअलबॉक्समध्ये, असं विचारतं. लिनक्सवर डॉकर घ्या, हलकं पडतं. सगळं मिळून काही जीबी उतरतं, तेव्हा मोबाइलच्या डेटावर हा उद्योग करू नका. कॉलेजचं किंवा घरचं ब्रॉडबँड बघा.

नंतर रोज लागणाऱ्या आज्ञा तीनच. 'एसएफडीके कॉन्फिग --पुश टार्गेट' आणि पुढे टार्गेटचं, म्हणजे सेलफिशच्या ज्या आवृत्तीसाठी आणि आर्किटेक्चरसाठी बनवायचं त्याचं, नाव. मग 'एसएफडीके बिल्ड'. तयार आरपीएम 'आरपीएमएस' नावाच्या फोल्डरमध्ये येते. आणि 'एसएफडीके चेक', जी पॅकेज जोला स्टोअरच्या नियमांत बसतं का ते सांगते. स्टोअरमध्ये जायचं नसलं तरी ही तिसरी चालवा. आयकॉनचा चुकलेला मार्ग, नको तिथे पडलेली फाइल, अशा गोष्टी ती लगेच दाखवते.

कंपाइल केलेलं ॲप असेल तर टार्गेट निवडताना एक पथ्य पाळा: तुमच्या वापरणाऱ्यांत सेलफिशची जी सगळ्यात जुनी आवृत्ती असेल, तिच्या टार्गेटवर बिल्ड करा. नव्या टार्गेटवर बनवलेलं पॅकेज नव्या ग्लिबसीची (प्रणालीतली मूळ सी लायब्ररी) मागणी आपोआप आत लिहून घेतं. जुन्या फोनवर मग 'नथिंग प्रोव्हाइड्स' अशी ओळ येते आणि इन्स्टॉल थांबतं. उलट बाजूने, जुन्यावर बनवलेलं पॅकेज नव्या फोनवर सहसा चालतं.

स्पेक फाइलमध्ये काय हवं

नेम, व्हर्जन, रिलीज, समरी, लायसन्स हे रकाने भरायचे, त्यात अवघड काही नाही. नावात लहान रोमन अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढंच. देवनागरी नाव फोनवर आयकॉनखाली दिसायला हवं असेल तर ते डेस्कटॉप फाइलमध्ये लिहायचं, इथे नाही. 'रिक्वायर्स'मध्ये बर्डीसाठी दोन गोष्टी पुरतात: 'सेलफिशसिलिका-क्यूटी५' आणि क्यूएमएल ॲप सुरू करून देणारं 'लिबसेलफिशॲप-लाँचर'. दुसरी विसरली तर तुमच्या फोनवर ॲप चालतं, कारण दुसऱ्या कुठल्या तरी ॲपने ती आधीच आणून ठेवलेली असते. कोऱ्या फोनवर मात्र आयकॉन दाबला की काहीच होत नाही. म्हणून शेवटची चाचणी नुकत्याच फॅक्टरी रीसेट केलेल्या फोनवर किंवा एम्युलेटरवर करा.

फाइलींच्या जागा ठरलेल्या आहेत. क्यूएमएल आणि बाकीचा माल '/यूएसआर/शेअर/हार्बर-बर्डी' मध्ये, डेस्कटॉप फाइल '/यूएसआर/शेअर/ॲप्लिकेशन्स' मध्ये, आयकॉन 'हायकलर' फोल्डरात. आयकॉन चार मापांत लागतो: ८६, १०८, १२८ आणि १७२ पिक्सेल चौरस. पीएनजीचं नाव पॅकेजच्या नावाशी तंतोतंत जुळलं पाहिजे. आयकॉन दिसत नाही या तक्रारीमागे जवळजवळ नेहमी हेच असतं: नावात एक आडवी रेघ कमी किंवा मापाचं फोल्डर चुकलेलं.

जड डेटा पॅकेजमध्ये कोंबू नका. आरपीएममधलं सगळं रूट विभाजनावर जातं, आणि ते काही जीबींचंच असतं. मेट्रोची स्थानकं काही किलोबाइटमध्ये मावतात, ती आत ठेवायला हरकत नाही. शहराचा ऑफलाइन नकाशा द्यायचा असेल तर तो ॲप पहिल्यांदा उघडल्यावर वापरणाऱ्याच्या होम फोल्डरमध्ये उतरवून घ्या. आणि त्या होम फोल्डरचा मार्ग कोडमध्ये हाताने लिहू नका. जुन्या फोनवर वापरकर्त्याचं नाव 'नेमो' असतं, नव्यांवर 'डिफॉल्टयूजर'. '/होम/नेमो' लिहून ठेवलेली ॲप नव्या फोनवर मुकाट्याने बंद पडतात. क्यूटीच्या स्टँडर्डपाथ्सकडून मार्ग विचारून घ्यायचा.

डेस्कटॉप फाइल आणि सँडबॉक्स

डेस्कटॉप फाइलमध्ये 'नेम' रोमन लिपीत द्या आणि त्याखाली 'नेम' पुढे चौकटी कंसात मराठीचा कोड 'एमआर' लिहून 'बर्डी' हे देवनागरी नाव द्या. फोनची भाषा मराठी असेल तर हे दिसेल, नाहीतर रोमन. 'एक्झेक'समोर 'सेलफिश-क्यूएमएल हार्बर-बर्डी' एवढंच. या आज्ञेला 'क्यूएमएल' फोल्डरमध्ये 'हार्बर-बर्डी' याच नावाची मुख्य फाइल सापडली पाहिजे. 'मेन' नाव ठेवलं तर ॲप उघडून लगेच बंद होतं.

शेवटी 'एक्स-सेलजेल' नावाचा भाग. सेलफिश आता सगळ्या ॲपना सँडबॉक्समध्ये, म्हणजे परवानगीपलीकडे हात पोहोचणार नाही अशा कुंपणात, चालवते, हा भाग लिहा किंवा लिहू नका. न लिहिल्यास तुम्हाला ठरावीक परवानग्यांचा संच मिळतो, आणि तो तुमच्या कामाचा असेलच असं नाही. 'परमिशन्स'मध्ये लागतं तेवढंच मागा. बर्डीला सध्या काहीच नको. पुढे जवळचं स्थानक दाखवायचं ठरलं तर 'लोकेशन' लिहावं लागेल, अन्यथा जीपीएस गप्प बसेल आणि तुम्ही कोडमध्ये चूक शोधत राहाल.

'ऑर्गनायझेशननेम' आणि 'ॲप्लिकेशननेम' हे दोन रकाने मात्र पहिल्याच दिवशी विचार करून भरा. ॲपचा डेटा ज्या फोल्डरात साठतो, त्याचा मार्ग यांच्यावरून बनतो. तिसऱ्या आवृत्तीत हौसेने नाव बदललंत तर सगळ्यांच्या जुन्या नोंदी, सेटिंग्ज दिसेनाशा होतात. डेटा फोनवर असतो, पण ॲपला तो ज्या जागी शोधायचा ती जागाच बदललेली असते.

व्हर्जनचे आकडे

याकडे फारसं कोणी लक्ष देत नाही आणि मग अपडेट का येत नाही म्हणून विचारत फिरतात. आरपीएम टिंबांमधल्या तुकड्यांची एकेक करून तुलना करतं, त्यामुळे १.१० हे १.९ पेक्षा मोठं. दशांश अपूर्णांकाची सवय असलेल्यांना हे उलटं वाटतं. १.०बीटा हे १.० पेक्षा नवं समजलं जातं, म्हणजे बीटा वापरणाऱ्यांना अंतिम आवृत्ती मिळणारच नाही. त्यांच्यासाठी १.०~बीटा असं लिहा. मधल्या लाटेसारख्या चिन्हामुळे ती १.० च्या आधीची ठरते.

कोड बदलला की व्हर्जन वाढवा. कोड तोच, फक्त पॅकेजिंग दुरुस्त केलं, तर रिलीज वाढवा. दोन्हीपैकी काहीच न वाढवता त्याच क्रमांकाची फाइल पुन्हा चढवलीत तर फोन 'आधीच बसलेलं आहे' म्हणून ती घेत नाही. निम्म्या लोकांकडे जुनी १.२ आणि निम्म्यांकडे नवी १.२ असा घोळ झाला की तक्रार नेमकी कोणत्या फाइलची आहे ते शोधता येत नाही.

पहिले परीक्षक: थेट फाइल

सुरुवातीला दोन-तीन जणांना थेट फाइल द्यायला हरकत नाही. तुमच्या स्वतःच्या फोनवर टाकायची असेल तर डेव्हलपर मोड चालू करा, यूएसबी जोडा. फोनचा पत्ता १९२.१६८.२.१५ असतो, तिथे एससीपीने डाउनलोड्समध्ये फाइल टाका आणि 'डेव्हेल-एसयू' होऊन 'पीकेकॉन इन्स्टॉल-लोकल' चालवा.

इतरांना टर्मिनल दाखवू नका. व्हॉट्सॲपवर फाइल पाठवण्यातही अर्थ नाही. सेलफिशच्या मोफत आवृत्तीत अँड्रॉइड ॲप चालतच नाहीत, मग ती फाइल त्यांच्या दुसऱ्या फोनवर पडून राहते. कुठेतरी एचटीटीपीएसवर ठेवा, गिटहब किंवा गिटलॅबच्या रिलीज पानावर ठेवली तरी चालेल, आणि लिंक द्या. सोबत एवढाच मजकूर पुरतो:

१. सेटिंग्जमध्ये 'अनट्रस्टेड सॉफ्टवेअर' उघडून परवानगी चालू करा.
२. ही लिंक सेलफिशच्याच ब्राउझरमध्ये उघडा, फाइल उतरू द्या.
३. सेटिंग्जमधल्या 'ट्रान्सफर्स'मध्ये जाऊन उतरलेल्या फाइलवर टॅप करा आणि इन्स्टॉलला होकार द्या.
४. झालं की पहिल्या पायरीतली परवानगी बंद करा.

चौथी पायरी लोक गाळतात, तुम्ही गाळू नका. आरपीएम बसताना तिच्यातल्या स्क्रिप्ट रूटच्या अधिकाराने चालतात. अनोळखी फाइल आली तर संगणकावर 'आरपीएम -क्यूपी --स्क्रिप्ट्स' लावून आत काय चालणार आहे ते आधी वाचता येतं. नवख्या परीक्षकांना हे करून दाखवा, तुमच्या फाइलवरही.

स्वतःचा रेपो

रेपो म्हणजे आरपीएम फाइलींचं एक फोल्डर आणि त्यात 'रेपोडेटा' नावाची यादी. यापलीकडे सर्व्हरवर काही चालवावं लागत नाही, त्यामुळे गिटहब पेजेससारखी फुकट जागा पुरते. तिथे एका साइटला १ जीबीची मर्यादा आहे. आपल्या आकाराच्या ॲपसाठी ती भरपूर.

संगणकावर एक फोल्डर करा, त्यात सगळ्या आरपीएम ठेवा. तिन्ही आर्किटेक्चरच्या एकत्र असल्या तरी चालतं, फोन आपल्याला लागू नसलेल्या बाजूला ठेवतो. मग फोल्डरमध्ये 'क्रिएटरेपो-अंडरस्कोर-सी' ही आज्ञा चालवा ('-अंडरस्कोर-' म्हणजे नुसतं _ हे चिन्ह), शेवटी एक टिंब. प्रत्येक नव्या आवृत्तीनंतर ती पुन्हा चालवायची.

इथे एक खोच आहे. ही आज्ञा यादीच्या फाइलींना त्यांच्या चेकसमवरून नावं देते आणि जुन्या पुसून टाकते. गिटहब पेजेस फाइल दहा मिनिटं कॅशमध्ये ठेवतं. त्यामुळे तुम्ही नवं चढवल्याबरोबर कोणी रेपो ताजा करायला गेलं, तर त्याला अनुक्रमणिका जुनी मिळते आणि ती ज्या फाइलीकडे बोट दाखवते ती केव्हाच पुसलेली असते. फोनवर ४०४ दिसतं, माणूस 'रेपो बंद पडला' म्हणून मोकळा होतो. '--रिटेन-ओल्ड-एमडी ३' हा पर्याय जोडला की आधीच्या याद्याही जागेवर राहतात आणि ही कटकट मिटते. एफटीपी किंवा आरसिंकने चढवत असाल तर क्रम पाळा, आधी आरपीएम आणि सगळ्यात शेवटी रेपोडेटा. उन्हाळ्यात दुपारी लाइट गेली आणि अपलोड मध्येच तुटलं, तरी जुनी यादी जुन्या फाइलींशी जुळलेली राहते.

फोनच्या बाजूने रेपो जोडण्याची आज्ञा 'एसएसयू एआर', पुढे रेपोचं नाव आणि पत्ता. यादी बघायला 'एसएसयू एलआर', काढायला 'एसएसयू आरआर'. मग 'पीकेकॉन रिफ्रेश' आणि 'पीकेकॉन इन्स्टॉल हार्बर-बर्डी'. पुढच्या वेळी 'पीकेकॉन अपडेट हार्बर-बर्डी'. अपडेटला पॅकेजचं नाव दिलंच पाहिजे. नाव न देता सगळं अपडेट करायला गेलात तर प्रणालीचे काही भाग पुढे आणि काही मागे अशी अवस्था होऊ शकते, आणि तसा फोन पुन्हा फ्लॅश करण्यावाचून गत्यंतर राहत नाही.

रेपो जोडणं एका टॅपमध्ये

आता या सगळ्या आज्ञा वापरणाऱ्याकडून टाइप करून घ्यायच्या नसतील तर एक चांगली युक्ती आहे. ॲपच्याच आरपीएममध्ये '%पोस्ट' भागात, म्हणजे पॅकेज बसल्यावर चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये, 'एसएसयू एआर' ची ओळ टाका. माणूस वरच्या चार पायऱ्यांनी फाइल बसवतो, आणि त्याच वेळी रेपो जोडला जातो. पुढच्या आवृत्त्या रेपोतून.

पण ॲप काढल्यावर रेपोही निघाला पाहिजे, म्हणून '%पोस्टअन' या पॅकेज काढल्यावर चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये 'एसएसयू आरआर' लिहावं लागतं. आणि इथे बहुतेक जण ठेचकाळतात. आरपीएम अपडेट करताना आधी नव्या पॅकेजचं '%पोस्ट' चालतं, नंतर जुन्याचं '%पोस्टअन'. म्हणजे नवं पॅकेज रेपो जोडतं आणि लगेच जुनं पॅकेज तो काढून टाकतं. पहिल्या अपडेटनंतर रेपो गायब, दुसरं अपडेट कधीच येत नाही, आणि चूक कुठेही दिसत नाही. उपाय सोपा: '%पोस्टअन'ला मिळणारा $१ तपासा. पॅकेज खरोखर काढलं जात असेल तर तो ० असतो, अपडेट असेल तर १. शून्य असेल तरच रेपो काढा.

'%पोस्ट'मधूनच दुसरं पॅकेज बसवण्याचा मोह आवरा. त्या क्षणी आरपीएमच्या डेटाबेसला कुलूप लागलेलं असतं, त्यामुळे आतली 'पीकेकॉन' एकतर अडकते नाहीतर अपयशी होते.

एवढं करूनही स्वतःच्या रेपोची एक मर्यादा उरते: अपडेट घ्यायला माणसाला टर्मिनल उघडावं लागतं. एखाद्या कॉलेजच्या किंवा कार्यालयाच्या अंतर्गत ॲपसाठी हे चालून जातं. सगळ्यांसाठी असलेल्या ॲपला नाही.

चम

ॲप मुक्त स्रोत असेल तर आमच्या मते सरळ चमकडे जा. हा समुदायाने चालवलेला रेपो आहे, त्याचं स्वतःचं ग्राफिकल ॲप आहे, आणि वापरणाऱ्याला बोटाने इन्स्टॉल, बोटाने अपडेट करता येतं. तुम्ही तिथे तयार आरपीएम देत नाही, कोडचा पत्ता देता. पॅकेज सेलफिशच्या ओपन बिल्ड सर्व्हिसवर सगळ्यांच्या देखत बनतं. त्यामुळे आत काय आहे ते कोणालाही पडताळता येतं, आणि आर्किटेक्चरची चिंता तुमच्या डोक्यावरून जाते.

पायऱ्या अशा. बिल्ड सर्व्हिसवर खातं काढा. तुमच्या 'होम' प्रोजेक्टमध्ये हव्या त्या सेलफिश आवृत्त्या आणि आर्किटेक्चर जोडा. नवं पॅकेज करून त्यात 'अंडरस्कोर-सर्व्हिस' नावाची छोटी फाइल टाका. तीत 'टार-अंडरस्कोर-गिट' सेवा, तुमच्या गिट भांडाराचा पत्ता आणि शाखा किंवा टॅग असतो. बिल्ड हिरवं झालं की 'चम:टेस्टिंग' मध्ये विनंती पाठवा. तिथे तपासून झालं की मुख्य चममध्ये.

हमखास अडण्याची जागा म्हणजे बिल्ड चालू असताना तिथे इंटरनेट नसतं. बिल्डच्या दरम्यान पिप किंवा एनपीएमने काही ओढून आणणारं ॲप तुमच्या लॅपटॉपवर झकास बनतं आणि तिथे कोसळतं. लागणारं सगळं आधीच भांडारात किंवा गिट सबमॉड्यूलमध्ये ठेवा.

चमच्या ॲपमध्ये दिसणारं शीर्षक, वर्गवारी, स्क्रीनशॉट, आयकॉन हे स्पेकमधल्या '%डिस्क्रिप्शन'च्या शेवटी यामल स्वरूपात लिहायचं असतं. ते लिहिताना टॅब वापरू नका, स्पेसच द्या. एका चुकलेल्या टॅबने सगळी माहिती बाद होते आणि तुमचं ॲप नुसत्या पॅकेजच्या नावाने यादीच्या तळाशी जाऊन बसतं.

ओपनरेपोज आणि जोला स्टोअर

ओपनरेपोजवर तयार आरपीएम चढवायची, प्रत्येक लेखकाचा तिथे आपोआप वेगळा रेपो होतो आणि लोक स्टोअरमन या ॲपमधून तो जोडतात. सगळ्यात झटपट मार्ग हाच. तपासणी मात्र होत नाही, त्यामुळे सगळा भार तुमच्यावरच्या विश्वासावर.

जोला स्टोअरला पोहोच सर्वांत जास्त, कारण ते फोनवर आधीपासून असतं. पॅकेजचं नाव 'हार्बर-' ने सुरू झालं पाहिजे, ठरलेल्या यादीतल्याच लायब्ररी वापरता येतात, पार्श्वभूमीत चालणारी सेवा चालत नाही, आणि आरपीएममध्ये '%पोस्ट'सारख्या स्क्रिप्ट नकोत. म्हणजे वरची एका टॅपची युक्ती इथे बाद. दोन्ही मार्ग ठेवायचे असतील तर स्पेकमध्ये अट घालून स्टोअरसाठीच्या बिल्डमधून तो भाग वगळा. बर्डीसारखं साधं ॲप इथे सहज बसतं. प्रणालीत खोलवर हात घालणारं नाही.

मार्ग बदलताना

चाचणीवेळी ज्यांना थेट फाइल दिली, त्यांना पुढे चममधून अपडेट मिळेल असं गृहीत धरू नका. प्रत्येक पॅकेजवर वेंडरचा, म्हणजे ते कोणाकडून आलं त्याचा, शिक्का असतो. एसडीकेवर घरी बनवलेल्या पॅकेजचा एक, चमचा दुसरा. झिपरची लायब्ररी एका वेंडरचं पॅकेज दुसऱ्याच्या पॅकेजने आपणहून बदलत नाही, आकडा मोठा असला तरी. चमच्या ॲपमध्ये नवी आवृत्ती दिसते, फोनवर जुनीच राहते, चूक काही सांगितली जात नाही.

अशा वेळी जुनं ॲप होमस्क्रीनवरून काढायचं आणि चममधून नव्याने बसवायचं. होम फोल्डरमधला डेटा ॲप काढल्यावरही राहतो, त्यामुळे ऑर्गनायझेशनचं नाव बदललेलं नसेल तर जुन्या सेटिंग्ज जशाच्या तशा परत येतात. आणि '%पोस्ट'मधून जोडलेला स्वतःचा रेपो अजून लटकत नाही ना, ते 'एसएसयू एलआर'ने एकदा बघा. बंद पडलेल्या पत्त्याचा रेपो यादीत राहिला तर दर 'रिफ्रेश'ला फोन तिथे जाऊन थांबतो, आणि सेलफिशचं मोठं अपडेट घेतानाही तोच आडवा येतो.